जुन्या हार्ड डिस्क, नवा सर्व्हर: काढून लावली की झालं, एवढं सोपं आहे का?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात दोन बातम्या आल्या. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली सिनॉलॉजी या तैवानी कंपनीची. घरात किंवा छोट्या ऑफिसात ठेवायचा फाइल सर्व्हर, म्हणजे ज्याला सगळे 'नॅस' म्हणतात तो डबा बनवण्यात या कंपनीचं मोठं नाव आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं होतं की २०२५ च्या 'प्लस' मॉडेलांमध्ये आमच्या यादीतल्याच हार्ड डिस्क चालतील. व्यवहारात ती यादी म्हणजे जवळजवळ त्यांच्याच ब्रँडच्या डिस्क. आता सिनॉलॉजी स्वतः डिस्क बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेल्या डिस्कवर आपलं लेबल लावते. म्हणजे गाडी घ्या, पण पेट्रोल आमच्याच पंपावरचं, असा प्रकार. सहा महिने लोकांनी भरपूर ऐकवलं आणि डीएसएम ७.३ या नव्या आवृत्तीबरोबर कंपनीने साध्या ३.५ इंची हार्ड डिस्क आणि २.५ इंची साटा एसएसडीवरची ही अट मागे घेतली.

दुसरी बातमी तुम्हाला माहीतच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती वाढवून दिलेली मुदत झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीचे पीसी अधिकृतपणे बाद.

या दोन्ही बातम्यांतून एकच प्रश्न निघतो. डेटा ज्या डिस्कवर आहे ती डिस्क माझी आहे, पण ज्या सिस्टीममध्ये ती लावली आहे ती सिस्टीम आता नको आहे किंवा टिकणार नाही. मग डिस्क काढून दुसरीकडे लावता येते का?

हिंगोलीत नॅस कोणाकडे आहे, असं विचारलं तर फार जण हात वर करणार नाहीत. पण सर्व्हर म्हणजे डबाच असं नाही. आमच्या जिल्ह्यात फोटो स्टुडिओत, हळदीच्या अडत दुकानात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कर सल्लागाराच्या ऑफिसात कोपऱ्यात एक जुना पीसी असतो. त्याला मॉनिटरसुद्धा लावलेला नसतो. त्यावर दोन-तीन हार्ड डिस्क आणि एक शेअर केलेला फोल्डर. बाकीची कॉम्प्युटरं त्यातूनच फाइल उघडतात. हाच आपला नॅस. आणि तो बहुतेक वेळा विंडोज १० वर चालतो.

कळमनुरीचे आमच्या ओळखीतले एक स्टुडिओवाले काका आहेत. मी घरूनच काम करतो हे कळल्यापासून तालुक्यातली कॉम्प्युटरची अर्धी दुखणी माझ्याकडे येतात. त्यांचा पीसी सहाव्या पिढीचा आय५. आत तीन डिस्क, आणि त्यात बारा-तेरा वर्षांची लग्नं. हा धंदा असा आहे की लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कोणीतरी येतं आणि म्हणतं, "दादा, त्या लग्नात आमचे वडील होते, त्यांचा एखादा चांगला फोटो निघतो का बघा." घरात त्या माणसाचा दुसरा फोटोच नसतो. काका अशा वेळी पैसे घेत नाहीत, पण फोटो काढून देतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अरे, डिस्क तर आपलीच आहे ना? मग या डब्यातून काढली अन् त्या डब्यात लावली की झालं."

कधी कधी होतं. कधी कधी नवी सिस्टीम विचारते, "ही डिस्क फॉरमॅट करू का?" आणि माणूस सवयीने हो म्हणतो. तिथे बारा वर्षं संपतात.

डिस्कवर नुसत्या फाइल्स नसतात

डिस्कवर फाइल्स कोणत्या पद्धतीने मांडल्या आहेत याला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस. लिनक्सच्या ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस. मोठ्या सर्व्हरांची आवडती झेडएफएस. तुमच्या वहीतलं गणित मोडीत लिहिलेलं असेल तर वही शेजाऱ्याला देऊन उपयोग नाही, त्याला मोडी यायला हवी. तसंच इथे. आणि दोन किंवा जास्त डिस्क एकत्र जोडलेल्या असतील तर फाइल सिस्टीमच्या खाली अजून एक थर असतो, 'या डिस्कचा पहिला तुकडा आणि त्या डिस्कचा दुसरा तुकडा मिळून एक फाइल' असा हिशोब ठेवणारा. नव्या सिस्टीमला हे दोन्ही थर वाचता आले पाहिजेत. एक येतो आणि दुसरा येत नाही, तर डिस्क तिच्या लेखी कोरी असते. कोरी दिसणं आणि कोरी असणं यातला फरक नवी सिस्टीम तुम्हाला समजावून सांगत बसत नाही.

आता सिनॉलॉजीकडे परत येऊ, कारण त्या वादात एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली. एप्रिलच्या घोषणेतच सूट होती: जुन्या सिनॉलॉजीतल्या डिस्क, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, नव्या प्लस मॉडेलमध्ये उचलून लावता येतील. बंदी होती ती त्याच डिस्कवर नव्याने साठा तयार करायला. म्हणजे तीच डिस्क जुन्या घरातून आली तर चालते आणि दुकानातून आली तर चालत नाही. मग प्रश्न डिस्कच्या दर्जाचा होता, हे म्हणणं पटवून घेणं जरा जड जातं. माझं मत विचाराल तर ही सूट हुशारीची होती. जुना ग्राहक हातातून जाऊ नये म्हणून दार उघडं, पण आत आल्यावर पुढची डिस्क आमचीच घ्या. ऑक्टोबरमधल्या माघारीनंतरसुद्धा एम.२ एसएसडीवर साठा बनवायचा तर अजून यादी बघावी लागते, हेही लक्षात असू द्या.

पण सिनॉलॉजीच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. त्यांच्या डब्यात डिस्कवर जे लिहिलं जातं ते मुळात लिनक्सचंच आहे. डिस्क जोडणारा थर एमडीएडीएम, त्यावर एलव्हीएम, त्यावर बीटीआरएफएस किंवा ईएक्सटी४. 'एसएचआर' या त्यांच्या गाजलेल्या पद्धतीतही खाली हेच असतं. म्हणून डबा जळाला तरी सगळ्या डिस्क एका साध्या पीसीला जोडून, उबंटू सुरू करून डेटा वाचता येतो. हे कसं करायचं याची माहिती कंपनीने स्वतःच दिली आहे. बीटीआरएफएस असेल तर अगदी नवीन कर्नेलवर कधी कधी अडतं, जुना उबंटू घ्यावा लागतो. वाचता येतो हे महत्त्वाचं. वाचता येतो म्हणजे तिथेच कायमचा चालवता येतो असं मात्र नाही. जुन्याचं वाचायचं, नव्यावर उतरवायचं.

उलट दिशेने बघा. विंडोजमधली किंवा दुसऱ्या लिनक्समधली भरलेली डिस्क सिनॉलॉजीच्या खणात घातली तर साठा तयार करताना ती पुसलीच जाते. यूएसबीने बाहेरून जोडली तर तीच एनटीएफएस डिस्क तो वाचतो. एकच डिस्क, एकच डबा. खणात घातली तर डेटा जातो, वायरने जोडली तर राहतो. हे कोणी आधी सांगितलेलं नसेल तर माणसाला कळणार कसं?

कोणाकडे काय चालतं

फुकटात मिळणाऱ्या सिस्टीममध्ये आपल्या कामाच्या मुख्यतः दोन, ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस. तिसरी अनरेड, ती विकत घ्यावी लागते.

ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि स्वभावाने साधी आहे. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एनटीएफएस यांपैकी काहीही असलेली डिस्क लावली की फाइल सिस्टीमच्या पानावर 'माउंट' असा पर्याय येतो. तो घ्यायचा. शेजारीच नवी फाइल सिस्टीम 'तयार करा' हा पर्याय असतो, तो घ्यायचा नाही. काकांसारख्या माणसासाठी मी हीच सुचवतो. एक इशारा आहे: एनटीएफएस डिस्क तिथे चालते, पण कायम त्यावरच सर्व्हर चालवू नये. लिनक्स कर्नेलमध्ये ५.१५ पासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएसचा चांगला ड्रायव्हर आहे हे खरं. तरी फाइल सिस्टीम बिघडली तर दुरुस्तीची खरी हत्यारं विंडोजकडेच आहेत. एनटीएफएस हा मुक्कामाचा गाव नाही, वाटेतला बस स्टँड समजा.

ट्रूनॅसला झेडएफएसशिवाय दुसरी भाषा येत नाही. तुमच्याकडची एनटीएफएस डिस्क तिच्या साठ्यात सामील करायची तर ती पुसूनच करावी लागते. पण एका झेडएफएसवरून दुसऱ्या झेडएफएसवर जायचं असेल तर एवढी सोपी बदली कुठेच नाही. जुन्या मशीनवर साठा 'एक्स्पोर्ट' करायचा, डिस्क काढायच्या, नव्या मशीनला कोणत्याही क्रमाने लावायच्या आणि 'इम्पोर्ट' म्हणायचं. कोणती डिस्क कुठली हे डिस्कवरच लिहिलेलं असतं, त्यामुळे वायर इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाही. पूर्वी ट्रूनॅसची मूळ आवृत्ती फ्रीबीएसडीवर होती. २०२२ मध्ये लिनक्सवरची 'स्केल' आली आणि आता कंपनीचं लक्ष लिनक्सवरच आहे. त्यामुळे जुने लोक हळूहळू इकडे सरकत आहेत. त्यांच्यासाठी दोन सूचना. फ्रीबीएसडीच्या काळातलं जुनं 'जेली' एन्क्रिप्शन लावलेला साठा लिनक्सवर उघडत नाही. आधी तो एन्क्रिप्शनशिवाय किंवा झेडएफएसच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनमध्ये उतरवून घ्यावा लागतो. आणि इम्पोर्ट झाल्यावर स्क्रीन सांगत राहते की साठा 'अपग्रेड' करा. ते बटण महिनाभर तरी दाबू नका. दाबलं की नव्या सुविधा मिळतात, पण जुनी सिस्टीम तो साठा पुन्हा ओळखेल याची खात्री राहत नाही. परतीचा रस्ता आपणच बंद करून घेतो.

अनरेड वेगळ्या डोक्याची आहे. तिच्या मुख्य पद्धतीत प्रत्येक डिस्क स्वतंत्र असते आणि एक जादा डिस्क बाकीच्यांचा हिशोब ठेवते. यातून एक मोठा फायदा होतो. अनरेड सोडायची झाली तर प्रत्येक डिस्क सुटी काढून कुठल्याही लिनक्सवर वाचता येते, सगळ्या एकत्र असायची गरज नाही. बाहेर पडायला सोपी. आत शिरायला नाही. बाहेरची भरलेली डिस्क तिच्या मांडणीत घेतली की ती पुसली जाते. तिला मांडणीबाहेर ठेवून, एका प्लगिनने उघडून, डेटा कॉपी करावा लागतो. लायसन्स पेन ड्राइव्हच्या क्रमांकाला बांधलेलं असतं आणि मार्च २०२४ पासून नव्या ग्राहकांसाठी दरांची रचना बदलली आहे. आयुष्यभराचं लायसन्स अजून मिळतं, पण स्वस्त पर्यायांत पहिल्या वर्षानंतर अपडेट हवे असतील तर पुन्हा पैसे.

राहिला विंडोज. इथेच काकांची गोष्ट अडली. त्यांच्या तीन डिस्कपैकी एक सुटी, साधी एनटीएफएस. ती कुठेही वाचता येते. उरलेल्या दोन कोणीतरी 'स्टोरेज स्पेसेस' वापरून जोडून दिल्या होत्या, एकीची नक्कल दुसरीवर. वरून बघायला एकच ई ड्राइव्ह. पण स्टोरेज स्पेसेस हा जोडणीचा थर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आहे, लिनक्स सरळ तो वाचत नाही. त्या डिस्क काढून ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये लावल्या असत्या तर दोन्ही कोऱ्या दिसल्या असत्या. त्यातला डेटा जिवंत विंडोजवर असतानाच बाहेर काढून घ्यायचा, हा एकच शहाणपणाचा मार्ग. तुमच्याकडे असं काही आहे का ते बघायला डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'बेसिक' लिहिलं असेल आणि डिस्कच्या संख्येइतके ड्राइव्ह दिसत असतील तर निवांत. 'डायनॅमिक' दिसलं, किंवा डिस्क तीन आणि दिसतात दोनच, तर थांबा.

विंडोजची अजून एक खोड. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर पीसी बंद केला तरी तो खरा बंद होत नाही, अर्धवट झोपतो. अशा अवस्थेत काढलेली डिस्क लिनक्सला लावली की तो ती फक्त वाचायला देतो किंवा उघडतच नाही. लोकांना वाटतं डिस्क खराब झाली. ती बरी असते, फक्त झोपेतून उठलेली नसते. डिस्क काढण्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करून पीसी नीट बंद करा. बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून घ्या.

बाहेरून जोडायच्या डिस्कचं खोकं फोडून आतली डिस्क काढायची युक्ती इंटरनेटवर फार लोकप्रिय आहे, कारण तशी ती स्वस्त पडते. रिकामी डिस्क असेल तर खुशाल करा. भरलेली असेल तर नाही. काही खोक्यांतली यूएसबीची पट्टी डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करते, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. काही पट्ट्या सेक्टरचा आकार वेगळाच सांगतात. दोन्ही बाबतीत डिस्क थेट पीसीला लावली की पार्टिशनच सापडत नाही. खोक्यात परत घातली की सगळं जागेवर.

मराठी नावांची अडचण

हा भाग इंग्रजी लेखांत तुम्हाला सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचणच येत नाही.

विंडोजच्या एनटीएफएसवर फाइलचं नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं, मग ते कोणत्याही लिपीत असो. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांच्यावर मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, फरक पडत नाही. देवनागरीत प्रत्येक खूण तीन बाइट खाते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'सीमांतपूजन' हा शब्द आपल्या डोळ्यांना सहा अक्षरांचा. कॉम्प्युटरला तो दहा खुणांचा, म्हणजे तीस बाइटचा. या हिशोबाने लिनक्सवर मराठी नाव जास्तीत जास्त ८५ खुणांचं. सिनॉलॉजीवर एन्क्रिप्ट केलेला शेअर फोल्डर जुन्या पद्धतीचा असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे फक्त ४७ खुणा.

आता स्टुडिओवाल्यांची नावं ठेवायची पद्धत आठवा. नवरा-नवरीचं नाव, गाव, मंगल कार्यालय, कार्यक्रम, तारीख, कॅमेरा नंबर, सगळं एका दमात. काकांच्या डिस्कवर अशी साठेक नावं निघाली जी लिनक्सवर बसतच नव्हती. कॉपी करणारा प्रोग्राम अशा फाइलपाशी 'नाव फार मोठं' असा एक ओळीचा संदेश देतो आणि पुढच्या फाइलकडे जातो. लाखभर फाइल्सच्या गर्दीत ती ओळ कोण बघणार? म्हणून कॉपीच्या आधीच, विंडोजवर असतानाच, लांब नावं शोधून छोटी करा.

दुसरी गंमत 'ऱ्ह', 'ऱ्या'ची. 'वऱ्हाड' हा शब्द कॉम्प्युटरवर किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एकात 'ऱ' ही एकच खूण असते. दुसऱ्यात 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टीम तर पहिला प्रकार आपणहून दुसऱ्यात बदलते. डोळ्यांना तिन्ही सारखेच. पण सर्व्हरच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं. परिणाम असा की दोन वेगळ्या कॉम्प्युटरांवरून एका सर्व्हरवर डेटा आणला की 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, एकात अर्धे फोटो आणि दुसऱ्यात अर्धे. एकाला जादा समजून उडवू नका. आत उघडून बघा, मग एकत्र करा.

बाकी जुन्या श्री-लिपी किंवा तत्सम फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइल्सना या बदलीने काही होत नाही. त्या पूर्वीही फाँटशिवाय वाचता येत नव्हत्या, पुढेही येणार नाहीत.

मालकी आकड्यांत असते

लिनक्सकडून लिनक्सकडे डिस्क नेली, फाइल सिस्टीम ओळखली गेली, फोल्डर दिसले, आणि उघडायला गेलं तर परवानगी नाही. हे हमखास होतं. डिस्कवर फाइलचा मालक म्हणून नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. सिनॉलॉजीत पहिला वापरकर्ता साधारण १०२६ असतो, साध्या लिनक्समध्ये १०००, अनरेडमध्ये सगळ्यांचा मिळून ९९. जुन्या घरातला १०२६ नंबरचा माणूस नव्या घरात कोणीच नसतो. डेटा सुरक्षित आहे, फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदलून घ्यायचं राहिलंय. मालकी बदलायची आज्ञा एकदा दिली की झालं. घाबरून पुन्हा फॉरमॅट करणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

कॉपी करायला किती वेळ लागतो

चार टीबी डेटा गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या वेगाने दहा तासांत जातो. मध्ये जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर तोच डेटा चार दिवसांच्या वर. यूएसबी २ च्या पोर्टला डिस्क लावली तर बत्तीस तास. म्हणून आधी पोर्ट आणि स्विच बघा. 'क्लाउडवर चढवून उतरवू' म्हणणाऱ्यांसाठी: ५० एमबीपीएसचा अपलोड अखंड चालला तरी चार टीबीला सात दिवसांपेक्षा जास्त लागतात.

आणि अखंड हा शब्द आमच्याकडे जपून वापरावा लागतो. वीज जाते. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असा खटका असतो, तो चालू नसेल तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत पीसी बंद पडतो. कॉपी करायला आरसिंक वापरा. तो तुटला तरी पुन्हा सुरू केल्यावर झालेलं सोडून पुढचं उचलतो, आणि फाइलची तारीखही तीच राहते. कॉपी संपल्यावर तोच आरसिंक 'चेकसम' लावून परत चालवा. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून जुळवतो. यात परत आठ-दहा तास जातात. ते जाऊ द्या.

त्याही आधी डिस्कची तब्येत बघायची. स्मार्ट नावाच्या अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढे शून्य असेल तर पुढे चला. १९७ पुढे आकडा दिसला तर इतर काही न करता सगळ्यात मोलाचे फोल्डर आधी उतरवा. म्हातारी डिस्क सलग दहा तास वाचताना दम टाकते, आणि नेमकं बदलीच्या वेळीच आपण तिच्याकडून वर्षातलं सगळ्यात जड काम करून घेत असतो.

या सगळ्याला एक जादा डिस्क लागते, हे टाळता येत नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव चढले आणि डिस्कही स्वस्त राहिल्या नाहीत, त्यामुळे लोक जादा डिस्कवरच काटकसर करायला बघतात. त्यातून निघालेली शक्कल म्हणजे नक्कल असलेल्या दोन डिस्कपैकी एक काढायची, ती पुसून नव्या सिस्टीममध्ये लावायची, आणि उरलेल्या एकीवरून डेटा घ्यायचा. तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण त्या दहा तासांत सगळा डेटा एकाच म्हाताऱ्या डिस्कवर असतो. मी कोणालाही हे करू देत नाही. नवी घेताना दुकानदाराला डिस्क सीएमआर आहे का एसएमआर ते मात्र विचारा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या काही 'रेड' डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं बाहेर आलं होतं. झेडएफएसवर तशा डिस्क फार रडवतात.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून 'हिंगोलीत मोठा डेटा येणार' असं आम्ही ऐकतोय. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा डेटा आजही कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि साध्या लॅपटॉपवर उघडू शकतो. तो एचडीएफ५ या खुल्या मांडणीत ठेवलेला आहे, अमुक डब्यातच उघडेल अशी अट नाही. सर्व्हर निवडताना मी हेच बघतो. स्क्रीन किती सुंदर आहे ते नंतर. आधी, हा डबा उद्या जळाला तर आतली डिस्क दुसऱ्या कोणाला वाचता येईल का? सिनॉलॉजी, ओपनमीडियाव्हॉल्ट, अनरेड, ट्रूनॅस, चौघांचंही उत्तर कमीजास्त कष्टाने 'हो' आहे. स्टोरेज स्पेसेसचं उत्तर 'विंडोज असेल तर' आहे. जुन्या हार्डवेअर रेड कार्डाचं उत्तर 'तसंच कार्ड मिळालं तर' असं आहे, आणि तसं कार्ड नांदेडच्या बाजारात मिळेल याची खात्री मी देणार नाही.

काकांचं काम दोन टप्प्यांत ठरलं. आधी विंडोज १० वरच नवी डिस्क लावून जोडलेल्या दोन्हींचा डेटा साध्या एनटीएफएसवर उतरवला, लांब नावं छोटी करून. ती प्रत जुळवून झाली. आता त्याच पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट बसेल. जोडलेल्या दोन डिस्क तेव्हा पुसून ईएक्सटी४ होतील आणि डेटा परत त्यांच्यावर येईल. नवी डिस्क मग पीसीतून निघून काकांच्या घरी कपाटात जाईल, दर महिन्याला एकदा बाहेर येईल. सुटी तिसरी डिस्क शेवटी, तिचीही प्रत आधी झाल्यावरच. लग्नसराई संपेपर्यंत मात्र त्या पीसीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं आहे.